शिक्का बघा, मग घर: टेक्सासमध्ये मॉड्युलर घ्यावं की मॅन्युफॅक्चर्ड?

डॅलस, ऑस्टिन किंवा ह्यूस्टनच्या बाहेर पडलं की हायवेच्या कडेला झेंडे लावलेली घरांची विक्रीकेंद्रं दिसतात. आत ग्रॅनाइटचा ओटा, ऐसपैस बेडरूम, उंच छत, आणि किंमत जागेवर बांधलेल्या घराच्या मानानं बरीच कमी. एका घरावर ‘मॅन्युफॅक्चर्ड’ अशी पाटी, शेजारच्यावर ‘मॉड्युलर’. दोन्ही कारखान्यात बनलेली, दोन्ही रस्त्यावरून ओढत आणलेली. पुष्कळदा कंपनीही एकच असते. आतून फिरून बघितलं तर फरक सांगता येत नाही, पण कायदा, बँक आणि उद्याचा खरेदीदार या दोघांकडे अगदी वेगळ्या नजरेनं बघतात.

हा लेख टेक्सास धरून लिहिला आहे. दुसऱ्या राज्यात खात्यांची नावं आणि फॉर्म बदलतील, तपासणीचा क्रम तोच राहील. क्रमाबद्दल आग्रह एवढ्यासाठी, की बहुतेक लोक आधी मॉडेल पसंत करतात, मग कर्ज शोधतात आणि शेवटी जमीन. नेमकं याच्या उलट जायला हवं.

पायरी १: समोर उभं आहे ते नक्की काय, हे शिक्क्यावरून ठरवा

विक्रेता काय म्हणतो ते बाजूला ठेवा. घरावर कुठला शिक्का आहे ते बघा.

मॅन्युफॅक्चर्ड घर केंद्र सरकारच्या एकाच संहितेप्रमाणे बांधलं जातं. ती अमेरिकेच्या केंद्रीय गृहनिर्माण खात्याची, म्हणजे हडची. कायदा १९७४ चा, अंमल १५ जून १९७६ पासून. त्याआधीची ती ‘मोबाइल होम’. आजही लोक सरसकट तोच शब्द वापरतात, पण कागदावर त्या तारखेच्या अलीकडे की पलीकडे यावर सगळं अवलंबून असतं. हड घराच्या प्रत्येक भागाच्या बाहेरच्या भिंतीवर, मागच्या टोकाला, साधारण दोन बाय चार इंचांची लाल धातूची पट्टी ठोकलेली असते. घर दोन भागांचं, म्हणजे डबलवाइड असेल तर पट्ट्याही दोन. शिवाय आत, वीजपॅनलजवळ, स्वयंपाकघरातल्या किंवा बेडरूममधल्या कपाटात एक कागद चिकटवलेला असतो. त्याला डेटा प्लेट म्हणतात. त्यावर कारखान्याचं नाव, अनुक्रमांक, बनल्याची तारीख, आणि घर किती वाऱ्यासाठी, छतावरच्या किती भारासाठी आणि कुठल्या हवामानासाठी बांधलंय याचे छोटे नकाशे असतात. दोन्हींचे फोटो काढून ठेवा. पट्टी हरवली तर हड नवी देत नाही. मग पडताळणीचं पत्र मागवावं लागतं, आणि कर्जाची फाइल तेवढे दिवस अडते.

मॉड्युलर घर राज्याच्या बांधकाम संहितेप्रमाणे बनतं. म्हणजे गल्लीतल्या साध्या घराला जे नियम, तेच त्याला. टेक्सासच्या कायद्यात त्याचं नाव ‘इंडस्ट्रियलाइज्ड हाउसिंग’, आणि देखरेख टीडीएलआर या परवाना खात्याची. प्रत्येक मॉड्युलवर, म्हणजे घराच्या कारखान्यात बनलेल्या प्रत्येक खोक्यावर, त्या खात्याचा स्टिकर असतो, बहुधा सिंकखाली, कपाटात किंवा वीजपॅनलपाशी. हड घरांचं खातं मात्र वेगळं: टीडीएचसीए. तक्रार चुकीच्या दारात गेली की महिना फुकट जातो, म्हणून ही दोन नावं आत्ताच लिहून ठेवा.

गोंधळ होतो तो दोन ठिकाणी. एक, ‘ऑन-फ्रेम मॉड्युलर’. शिक्का मॉड्युलरचा, पण खाली हड घरासारखी पोलादी चासी कायमची राहते. नियमानं ते मॉड्युलरच आहे, तरी काही बँका आणि किंमत ठरवणारे अप्रेझर त्याच्याकडे मॅन्युफॅक्चर्डच्या नजरेनं बघतात. विक्रेत्यानं ‘मॉड्युलर’ म्हटलं की लगेच विचारा: घर बसवल्यावर फ्रेम खाली राहते की निघते? दुसरं, ‘पार्क मॉडेल’. दिसायला टुमदार छोटं घर, आतून चारशे चौरस फुटांच्या आत. ते कायद्यानं आरव्ही, म्हणजे वाहन. कायमच्या राहण्यासाठी त्याचा विचारच करू नका.

पायरी २: जमीन आधी

जमीन नसेल तर कारखान्यातल्या कुठल्याही घराच्या किमतीला अर्थ नाही. प्लॉट पसंत पडला की खालच्या गोष्टी तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पहिली, डीड रिस्ट्रिक्शन. ह्यूस्टनमध्ये शहराचं झोनिंग नाही म्हणून काहीही चालतं असा समज आहे. प्रत्यक्षात वसाहतीच्या खरेदीखतात घातलेल्या अटी झोनिंगपेक्षाही कडक असतात, आणि त्यात ‘मोबाइल होम नको, मॅन्युफॅक्चर्ड नको’ हे वाक्य वारंवार भेटतं. काही जुन्या खतांत ‘कारखान्यात बनलेलं कुठलंही घर नको’ असंही असतं, म्हणजे मॉड्युलरही अडकतं. टायटल कंपनीकडून, म्हणजे जमिनीची मालकी तपासणाऱ्या कंपनीकडून, अटींची पूर्ण प्रत मागवा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा.

दुसरी, शहराचे नियम. हड घर कुठल्या भागात चालेल हे शहर ठरवू शकतं, आणि १९७६ आधीची मोबाइल होम पूर्ण बंद करू शकतं. मॉड्युलरला साध्या घरासारखी वागणूक मिळते, पण टेक्सासमध्ये शहराला एक अट घालता येते: घराची किंमत पाचशे फुटांच्या परिसरातल्या घरांच्या करपात्र किमतीच्या मध्याइतकी किंवा जास्त हवी, आणि बाहेरची भिंत व छत शेजाऱ्यांशी जुळतं हवं. महागड्या वस्तीत स्वस्त मॉड्युलर बसवण्याचे बेत इथेच फसतात. शहराच्या हद्दीबाहेर, नुसत्या काउंटीत, बंधनं सैल असतात. पण तिथे सांडपाणी, पाणी आणि वीज या तिन्हींची सोय तुमची तुम्ही करायची.

तिसरी, पूर. फेमा या केंद्राच्या आपत्ती संस्थेच्या नकाशावर पत्ता टाकून बघा. पूरक्षेत्र असेल तर घर उंच उचलावं लागतं. त्यानं पायाचा खर्च वाढतो, जिने लांबतात, विमा महागतो.

चौथी गोष्ट हड घरासाठी: वाऱ्याचा झोन. झोन तीन आहेत. टेक्सासचा बहुतेक भाग झोन १ मध्ये येतो, पण गॅल्व्हस्टन, ब्राझोरिया, न्युसेस अशा किनारी काउंटी झोन २ मध्ये. झोन २ चं घर झोन १ मध्ये चालतं, उलट चालत नाही. सॅन अँटोनिओत स्वस्तात मिळालेलं जुनं घर गॅल्व्हस्टनला न्यायचा विचार असेल तर डेटा प्लेटवरचा नकाशा आधी बघा.

आणि पाचवी, माती. हिच्यासाठी खाली स्वतंत्र पायरी.

जमीन विकत न घेता पार्कमध्ये भाड्याच्या जागेवर हड घर ठेवायचं असेल तर हिशेब साफ बदलतो. घर तुमचं आणि खालची जमीन दुसऱ्याची. भाडं वाढलं तरी घर उचलून न्यायला हजारो डॉलर लागतात, म्हणून मालकाचा हात कायम वर. लीज किती वर्षांची, भाडं कशानं वाढतं, पाणी-कचरा त्यात आहे का, आणि घर विकताना नवा खरेदीदार पार्कनं मंजूर करावा लागतो का, हे चार प्रश्न लेखी विचारा.

पायरी ३: काळी माती आणि पाया

रेड रिव्हरपासून डॅलस, ऑस्टिनमार्गे सॅन अँटोनिओपर्यंत ब्लॅकलँड प्रेअरीचा पट्टा आहे. मराठवाडा-विदर्भाची कापसाची काळी जमीन पाहिली असेल तर वेगळं समजावून सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा, पावसात फुगून वर. मृदाशास्त्रात दोन्ही एकाच वर्गातल्या माती, व्हर्टिसॉल. इथल्या एका प्रकाराचं नावच ‘ह्यूस्टन ब्लॅक’ आहे. अशा जमिनीवर घर ठेवताना गावाकडचं शहाणपण जसंच्या तसं लागू पडतं: पाणी घराखाली थांबू द्यायचं नाही.

हड घराखाली दोन पोलादी आय-बीम असतात आणि त्यांचा भार काँक्रीट ब्लॉकच्या बुटक्या खांबांवर, म्हणजे पिअरवर येतो. पिअरखाली फूटिंग किंवा पॅड. वाऱ्यानं घर उचलू नये म्हणून जमिनीत स्क्रूसारखे अँकर घालून पट्ट्यांनी फ्रेम बांधतात. केंद्राच्या बसवणी नियमात अँकरची कामाची क्षमता ३,१५० पौंड आणि कमाल ४,७२५ पौंड धरलेली आहे. ती मातीवर अवलंबून असल्यानं मातीचा प्रकार न बघता अँकर निवडला तर पट्टी घट्ट आणि अँकर सैल अशी गंमत होते. आणखी काही आकडे लक्षात ठेवा, कारण बसवणाऱ्या टोळीकडून नेमके हेच सुटतात:

- घराभोवती पहिल्या दहा फुटांत जमिनीला फुटामागे अर्धा इंच उतार, घरापासून बाहेर.
- घराखाली पूर्ण जमिनीवर किमान ६ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जाडीचं प्लास्टिक, जोडावर एक फूट एकावर एक.
- फ्रेमचा सर्वांत खालचा भाग आणि जमीन यांत किमान १२ इंच अंतर. दुरुस्तीला माणूस सरपटत गेला पाहिजे, म्हणून १८ ते २४ इंच ठेवून घ्या.
- घराखालची मोकळी जागा झाकणाऱ्या भोवतीच्या स्कर्टिंगला हवेची तोंडं, आणि आत शिरायचं दार कुठल्याही बाजूनं १८ इंचांपेक्षा कमी नाही, क्षेत्रफळ किमान ३ चौरस फूट.

उतार आणि प्लास्टिक नसलं की काय होतं? पाऊस घराखाली साठतो, माती फुगते, काही पिअर वर जातात. उन्हाळ्यात त्याच खाली बसतात. मग मधल्या जोडावर फट दिसते, दारं चौकटीत अडकतात, खिडक्यांच्या कोपऱ्यांतून भिंतीला तिरप्या चिरा जातात. लोक सुताराला बोलावून दार रंधतात. दाराचा दोष नसतो, खालची पातळी गेलेली असते.

काळ्या मातीत वरवरच्या पॅडपेक्षा जमिनीत खोल छेद घेऊन ओतलेले काँक्रीटचे पिअर बरे. महाग पडतात, पण जिथे माती हलत नाही त्या खोलीवर टेकतात. कर्ज एफएचएच्या, म्हणजे गृहकर्जाला हमी देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, टायटल २ योजनेतून घ्यायचं असेल तर पाया हडच्या कायमस्वरूपी पायाच्या मार्गदर्शिकेत बसतो असं परवानाधारक इंजिनिअरचं पत्र लागतंच. म्हणून इंजिनिअर आधी आणा, पाया नंतर. उलट केलंत तर तयार पायाखाली पुन्हा खोदायची पाळी येते.

मॉड्युलरला पाया साध्या घरासारखाच: क्रॉलस्पेस (घराखाली सरपटत जाण्याइतकी पोकळी), स्लॅब, किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडे बेसमेंट. इथे दोष वेगळ्या प्रकारचा असतो. क्रेननं टेकवायची खोकी कारखान्यात इंचाच्या अंशात मोजून बनलेली, आणि पाया मात्र स्थानिक ठेकेदारानं ओतलेला. पाया चौकोनी नसेल तर खोकं भिंतीवर बसतच नाही. क्रेन येण्याआधी पायाचे दोन्ही कर्ण टेपनं स्वतः मोजा. पाव इंचापेक्षा जास्त फरक निघाला तर कारखान्याला कळवा आणि क्रेनची तारीख पुढे ढकला. क्रेन दिवसाच्या भाड्यावर येते. ती उभी असताना पायाची दुरुस्ती करणं म्हणजे मीटर चालू ठेवून रिक्षा उभी करण्यासारखं आहे.

पायरी ४: रस्ता

दोन्ही प्रकारांत घर हमरस्त्यावर सोपं येतं, अडतं शेवटच्या फर्लांगावर. एक भाग १४ ते १६ फूट रुंद आणि साठ-सत्तर फूट लांब असतो. गेटची रुंदी, वळणाची जागा, खाली लोंबणाऱ्या तारा, ओकच्या फांद्या आणि गेटसमोरचा पाण्याचा पाइप, म्हणजे कल्व्हर्ट, हे सगळं वाहतूकदाराला प्रत्यक्ष दाखवा. फोटोवरून ‘होईल’ म्हणणाऱ्याकडून ते लेखी घ्या. मॉड्युलरला क्रेन उभी करायला कडक, सपाट जागा लागते आणि वीजतारांपासून अंतर लागतं. पाऊस पडून गेलेल्या काळ्या मातीत क्रेन रुतते, म्हणून तारीख ठरवताना पर्यायी तारीखही करारात घाला.

पायरी ५: कागद आणि कर्ज

मॅन्युफॅक्चर्ड घर कारखान्यातून निघतं तेव्हा ते चल मालमत्ता असतं. मालकी गाडीच्या आरसी बुकासारखी. टेक्सासमध्ये त्या कागदाला ‘स्टेटमेंट ऑफ ओनरशिप’ म्हणतात आणि तो टीडीएचसीए देतं. जमीन तुमची असेल तर याच कागदावर घर स्थावर मालमत्ता ठरवून काउंटीच्या दप्तरात नोंदवता येतं. ही नोंद झाली नाही तर जमीन एका खात्यात आणि घर दुसऱ्या खात्यात अशी विचित्र स्थिती वर्षानुवर्षं राहते, आणि विकताना टायटल कंपनी हात वर करते. खरेदीचा व्यवहार पूर्ण होताना ‘नोंद आम्ही करू’ म्हणणाऱ्यांकडून नोंदवलेली प्रत मिळेपर्यंत पाठपुरावा सोडू नका. मॉड्युलरला ही भानगडच नाही. पायावर टेकलं की ते जमिनीचाच भाग.

चल मालमत्तेवर मिळतं ते चॅटल कर्ज: लवकर मंजूर, व्याज जास्त, मुदत कमी, आणि हप्ते थकले तर गाडी उचलतात तसं घर उचललं जातं. व्याजातला फरक किती बोचतो ते एका उदाहरणात बघा. दर नमुन्याचे आहेत. १,२०,००० डॉलर, वीस वर्षं. ९ टक्क्यांनी महिन्याचा हप्ता साधारण १,०८० डॉलर, ७ टक्क्यांनी ९३०. महिन्याला दीडशेचा फरक, वीस वर्षांत सुमारे छत्तीस हजार. म्हणजे स्वस्त म्हणून घेतलेल्या घराची किंमत आपोआप तेवढी चढली.

स्थावर म्हणून नोंदलेल्या हड घराला साधं मॉर्गेज मिळतं. बँकांकडून गृहकर्जं विकत घेणाऱ्या दोन मोठ्या संस्था, फॅनी मे आणि फ्रेडी मॅक; त्यांच्या अनुक्रमे ‘एमएच अ‍ॅडव्हांटेज’ आणि ‘चॉइसहोम’ या योजना त्यातल्या उजव्या. पण त्यांना घर ठराविक बनावटीचं लागतं: छताचा उतार, पडवी किंवा गॅरेज, आणि कारखान्यातून तसा स्टिकर. नंतर पडवी जोडून तो स्टिकर मिळत नाही, तेव्हा ऑर्डर देतानाच सांगा.

आपल्यापैकी बऱ्याच जणांना लागू पडणारी गोष्ट: २५ मे २०२५ पासून एफएचएचं कर्ज कायम रहिवासी नसलेल्यांना बंद झालं. एच-१बीवर असाल तर विक्रेत्याचा ‘साडेतीन टक्के डाउन’ हा फलक तुमच्यासाठी नाही. साध्या, एफएचएशिवायच्या मॉर्गेजचा मार्ग खुला आहे, पण विक्रीकेंद्राशी बांधलेले कर्ज देणारे तो सहसा सुचवत नाहीत. आधी दोन स्वतंत्र क्रेडिट युनियन किंवा बँकांकडून पूर्वमंजुरी घ्या, मग विक्रीकेंद्रात पाऊल टाका.

एक गैरसमज इथेच मिटवलेला बरा. ‘नोकरी बदलली की घर उचलून नेऊ.’ मॅन्युफॅक्चर्ड घर पुन्हा हलवता येतं हे खरं. पण एकदा बसवून मग हलवलेल्या घराला फॅनी मे आणि एफएचएचं नेहमीचं कर्ज मिळत नाही. म्हणजे हलवल्याबरोबर तुमचे बहुतेक खरेदीदार गेले, रोख पैसे असलेले तेवढे उरले. घर घ्यायचं तर ते तिथेच राहणार असं धरून घ्या.

पुढच्या विक्रीचंही बघा. मॉड्युलरची किंमत आसपासच्या साध्या घरांशी तुलना करून ठरते. हड घराची तुलना शक्यतो हड घरांशीच करावी लागते. आसपास तशी विक्री झालेली नसेल तर अप्रेझर दूरची उदाहरणं घेतो आणि आकडा पडतो.

पायरी ६: किंमत मोजायची पद्धत

आधी क्षेत्रफळ. हड घरांच्या जाहिरातीतली लांबी पुष्कळदा घर ओढण्यासाठी पुढे लावलेल्या चार फुटांच्या दांड्यासकट असते, आणि रुंदीही गोल केलेली. ‘२८ बाय ६०’ म्हटलेलं घर प्रत्यक्षात २६ फूट ८ इंच बाय ५६ फूट भरतं. जाहिरातीप्रमाणे १,६८०, खरं १,४९३ चौरस फूट. एक चांगली खोली गायब. चौरस फुटाचा भाव काढताना नकाशावरची खरी मापं घ्या.

मग विक्रेत्याच्या आकड्यात काय नाही ते विचारा. हड घरात बहुतेक वेळा सुटतात त्या गोष्टी: जमीन साफ करणं आणि मातीचा ओटा, रस्ता, सेप्टिक, विहीर किंवा पाण्याची जोडणी, विजेचा खांब, एसीचं बाहेरचं युनिट, स्कर्टिंग, प्रत्येक दाराला पायऱ्या, पन्हळी. पन्हळी शेवटी लावू म्हणतात आणि लावतच नाहीत. काळ्या मातीत त्या पहिल्या दिवशी हव्यात. टेक्सासमध्ये करारापूर्वी जागेची तयारी कुणाची हे सांगणारा एक कागद तुमच्यापुढे येतो. सही करताना घाई करू नका, कारण त्या कागदानं बरीचशी जबाबदारी तुमच्या गळ्यात पडते.

मॉड्युलरमध्ये पाया, क्रेन आणि ‘बटन-अप’ हे तीन मोठे आकडे. बटन-अप म्हणजे खोकी बसल्यावर जोड बुजवणं, छताचा माथा पूर्ण करणं, नळ-वीज-एसीच्या नळ्या जोडणं, भिंतींवर शेवटचा हात मारणं. इथे वाद पेटतो. कारखाना म्हणतो ठेकेदाराची चूक, ठेकेदार म्हणतो कारखान्याची. शक्य असेल तर एकाच ठेकेदाराशी सगळ्याचा करार करा. नसेल तर कुठला जोड कोण करणार, याची यादी दोघांच्याही करारात शब्दशः एकच ठेवा.

टेक्सासमध्ये मॅन्युफॅक्चर्ड घराच्या खरेदी करारातून सही केल्यापासून तिसऱ्या दिवसापर्यंत दंड न भरता बाहेर पडता येतं. शनिवारच्या गर्दीत सही झाली असेल तर रविवार जमिनीचे कागद पुन्हा वाचण्यात घालवा.

पायरी ७: कारखान्याला ऑर्डर देताना

फोडणी आणि तळण रोजचं असेल तर ओट्यावरचा पंखा बाहेर हवा फेकतो की जाळीतून गाळून परत आत, हे विचारा. बाहेर फेकणारा घ्या, आणि त्याची नळी छताच्या पोकळीत नाही तर थेट बाहेर उघडते याची खात्री करा. जमीन गावाबाहेर असेल तर गॅस बहुधा प्रोपेनचा असतो. शेगडी, गिझर आणि फर्नेस प्रोपेनसाठी बदललेले हवेत. हे कारखान्यात स्वस्तात होतं, नंतर प्रत्येक यंत्राला वेगळा माणूस. हड घरात पुढे कधी गिझर किंवा फर्नेस बदलायची झाली तर मॅन्युफॅक्चर्ड घरासाठी मान्यता असलेलीच लागते, दुकानातली कुठलीही चालत नाही.

पायरी ८: बसवण्याच्या दिवशी आणि नंतर

हड घर बसवताना शक्य असेल तर हजर राहा, आणि स्कर्टिंग लागण्याआधी खाली वाकून बघा. एकदा ते लागलं की कुणी खाली जात नाही.

घराच्या पोटाला काळं कापड असतं, आत इन्सुलेशन. प्रवासात ते फाटतं. फाटलेलं दिसलं तर त्याच दिवशी चिकटवून घ्या, नाहीतर उंदीर आणि दमट हवा दोन्ही आत शिरतात. डबलवाइडच्या दोन्ही भागांना जोडणारी एसीची जाड नळी जमिनीवर पडलेली नसावी, पट्ट्यांनी वर टांगलेली हवी. जमिनीवरच्या नळीत पाणी साचतं आणि अर्धं घर गार होत नाही. लोक मग एसी कंपनीशी भांडतात. कपडे वाळवायच्या यंत्राची नळी स्कर्टिंगच्या बाहेर निघायलाच हवी. घराखाली सोडलेली ओलसर हवा आणि कापसाचा भुगा म्हणजे बुरशी आणि आगीला एकत्र निमंत्रण.

वीज. मॅन्युफॅक्चर्ड घराचा मुख्य स्विच घराबाहेर असतो, घरापासून ३० फुटांच्या आत आणि दिसेल असा. आतलं पॅनल दुय्यम. म्हणून तिथे न्यूट्रल आणि अर्थ वेगवेगळे हवेत, ते जोडायचे फक्त बाहेर. साध्या घरांची सवय असलेला इलेक्ट्रिशियन आत जोडून मोकळा होतो. मग पोलादी फ्रेममधून प्रवाह वाहू शकतो आणि नळाला हात लावला की झटका. पॅनल उघडून हे दाखवायला सांगा.

यानंतर सगळे नळ एकाच वेळी सोडा, टॉयलेट फ्लश करा आणि टॉर्च घेऊन पुन्हा खाली बघा. प्रवासात सैल झालेला जोड तेव्हाच ठिबकतो. दारं, खिडक्या उघडून-बंद करून बघा. इन्स्टॉलर टीडीएचसीएकडे बसवणीची सूचना दाखल करतो, तिची प्रत घ्या.

साधारण दोन-तीन महिन्यांनी, एक पाऊस आणि एक कोरडा काळ गेल्यावर, पातळी पुन्हा तपासून घ्या. करारात हे फुकट घालून घेता येतं, पण मागावं लागतं. पहिल्या वर्षातले दोष फोनवर सांगू नका, ईमेलनं कळवा, फोटोसकट, विक्रेता आणि कारखाना दोघांना. वर्ष उलटलं की बहुतेक वॉरंटीचे दरवाजे बंद होतात.

टोर्नाडो वॉर्निंग आली तर अँकर लावलेलं मॅन्युफॅक्चर्ड घरसुद्धा आसरा समजू नका. जवळचा भक्कम आसरा कुठे, तिथे किती मिनिटांत पोचता येतं, हे राहायला जाण्याआधी ठरवा, विशेषतः भारतातून आईवडील सहा महिन्यांसाठी येणार असतील तर. त्यांना गाडी चालवता येत नाही आणि तुम्ही ऑफिसात असता.

जुनं घर घ्यायचं असेल तर

डेटा प्लेट आणि लाल पट्टी नसेल तर पडताळणी हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका. १५ जून १९७६ आधीचं असेल तर कितीही स्वस्त असो, सोडून द्या. कर्ज नाही, विमा मुश्किलीनं, आणि पुष्कळ शहरांत ते आणूही देत नाहीत. टीडीएचसीएच्या नोंदींत लाल पट्टीवरचा लेबल क्रमांक किंवा अनुक्रमांक टाकून मालक कोण आणि कराची थकबाकी किती हे बघता येतं. चल मालमत्ता म्हणून नोंदलेल्या घराचा थकलेला कर घरावरच राहतो, विकणारा निघून जातो.

आत गेल्यावर टॉयलेटभोवती, गिझरजवळ आणि बाथटबच्या कडेला पायानं दाबत चाला. जमीन नरम लागली तर खालची लाकडी फळी पाण्यानं गेली आहे. सिंकखाली राखाडी रंगाचा प्लास्टिक पाइप दिसला तर तो बहुधा पॉलीब्युटिलीन. १९७८ ते १९९५ दरम्यान सर्रास वापरला गेला आणि फुटण्यासाठी कुप्रसिद्ध. सगळे पाइप बदलायचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. शेवटी घराखाली शिरायला माणूस पाठवा, विक्रेत्याचा नाही, तुम्ही पैसे देऊन आणलेला. त्यानं आणलेले पंधरा फोटो दिवाणखान्यातल्या नव्या रंगापेक्षा जास्त सांगतात.